सत्यकेतूची खुर्ची

आमच्या दिवाकरकाकांनी उभं आयुष्य नाटकात काम केलं आणि त्यांचं काम कोणीही पाहिलं नाही. वाईट काम करणारे नट मी भरपूर पाहिलेत. त्यांना निदान नावं ठेवायला प्रेक्षक तरी असतात. काकांच्या नशिबी तेही नव्हतं. तरीसुद्धा वाडीत नट म्हणून सगळ्यांत मोठा मान होता तो त्यांनाच.

हे नीट कळायचं तर आधी माझी ओळख करून द्यावी लागेल. मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरी पोस्टात, फ्लॅट विरारला. बायको जागृती ही आगाशीजवळच्या एका वाडीतली, बागायतदार चौधऱ्यांची. दिवाकरकाका तिचे सख्खे काका. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी मला सांगितलं की देवीच्या उत्सवात आमच्याकडे नाटक असतं, त्यात तुम्ही दुसरा शिपाई करा. जावयाला वगळता येत नाही आणि त्याच्यावर भरवसाही टाकता येत नाही, म्हणून दोन्ही शिपाई वाडीच्या जावयांसाठी राखीव आहेत. भाला धरून उभं राहायचं आणि चौथ्या अंकाच्या सुरुवातीला एकच वाक्य म्हणायचं: ‘असे शब्द या दरबारात पूर्वी कोणी उच्चारले नव्हते.’ हे वाक्य मी दहा वर्षं म्हणत आलो. कोणते शब्द, ते मला ठाऊक नव्हतं. वाडीतही कोणाला ठाऊक नव्हतं.

नाटकाचं नाव ‘संगीत वज्रकंकण’. तुम्ही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमचं काही बिघडलेलं नाही. इंग्रजांच्या अमदानीत कोण्या शाळामास्तरांनी ते लिहिलं, मुंबईत एका कंपनीनं ते लावलं आणि ते सपशेल पडलं. त्या धसक्यानं की कशानं, कंपनीचे मॅनेजर आजारी पडले आणि हवापालटासाठी आगाशीला आले. चौधऱ्यांच्या वाडीत राहिले, विहिरीचं पाणी प्यायले, केळी खाल्ली आणि ठणठणीत झाले. उपकार कसे फेडायचे म्हणून त्यांनी वाडीतल्या लोकांना ते पडलेलं नाटक शिकवलं. मी जागृतीला एकदा म्हणालो होतो, की तुमच्या लोकांनी त्या माणसाला जरा कमी जीव लावला असता तर बरं झालं असतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नाटकाची गोष्ट साधी आहे. दुर्धर नावाचा एक जुलमी राजा. प्रजेवर कर लादतो. दोन अंक प्रजा रडते, मध्ये मध्ये गाते. तिसऱ्या अंकात सत्यकेतू नावाचा वृद्ध मंत्री भर दरबारात राजाला खडे बोल सुनावतो आणि राजा त्याला हद्दपार करतो. चौथ्या अंकभर सगळी पात्रं सत्यकेतू काय बोलला याची तारीफ करतात. राणी म्हणते, त्या वाणीनं माझं हृदय विदीर्ण झालं. सेनापती म्हणतो, ते ऐकून माझी तलवार म्यानातच वितळली. पाचव्या अंकात राजाला उपरती होते आणि नाटक संपतं.

आता खरी मेख अशी की तिसरा अंक होतच नाही. वाडीतल्या पहिल्याच प्रयोगाला, दुसऱ्या अंकाचा पडदा पडला आणि ठाण्याहून निघालेला हुकूम घेऊन मामलेदाराचा माणूस मंडपात हजर झाला. सत्यकेतूचं भाषण म्हणजे सरकारविरुद्ध चिथावणी, तेवढा अंक गाळा, बाकीचं खुशाल करा, पण दिवेलागणीच्या आत संपवा. त्यानं तिसऱ्या अंकाची पानं गोळा केली आणि तो निघून गेला. सत्यकेतूचं काम होतं काकांच्या आजोबांकडे, हिराजी चौधऱ्यांकडे. ते दाढी लावून, शेला पांघरून, स्टेजवर मधोमध खुर्चीत बसलेले. लोकांनी सांगितलं, हिराजी, ऊठ आता, अंक बंद झाला. हिराजी उठले नाहीत. अंकाला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ ते पडद्याआड तसेच ताठ बसून राहिले, तोंडातून शब्द न काढता. बातमी मंडपात पसरली आणि माणसं थरारली. इंग्रज सरकारनं बोलू दिलं नाही, पण उठवूही शकलं नाही! बसलेल्या लोकांनीही मग हट्टानं जागा सोडली नाही. बायकांनी घरोघरून गुळाचं पाणी आणि सुकेळी आणली, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, आणि सगळ्यांना वाटली.

तेव्हापासून प्रथा पडली. नाटक दुपारी तीनला सुरू होतं. दुसऱ्या अंकानंतर चौधरी घराण्याचा पुरुष सत्यकेतूच्या वेषात स्टेजवर खुर्चीत बसतो, मंडळाचे अध्यक्ष त्याच्यापुढे मानाचा नारळ ठेवतात, आणि पडदा खालीच राहतो. बाहेर चहा आणि सुकेळी. आमचा पायपेटीवाला हिलरी, जो रविवारी चर्चमध्ये वाजवतो, तो या वेळात त्याला आवडेल ते वाजवतो. अर्ध्या-पाऊण तासानं घंटा होते आणि चौथा अंक सुरू होतो. वाडीत अजूनही चार-साडेचारला कोणाच्या घरी गेलं तर विचारतात, तिसरा अंक झाला का? म्हणजे चहा झाला का.

देश स्वतंत्र झाला, पडदा खालीच राहिला. कोणाच्या डोक्यात आलं नाही की आता विचारणारं कोणी नाही. शिवाय चहाची सवय झाली होती.

हिराजींनंतर त्यांचा मुलगा बसला आणि त्याच्यानंतर दिवाकरकाका. काका म्हणजे मुलखाचा अबोल माणूस. पानवेल आणि केळी यांत दिवस घालवायचा, संध्याकाळी देवळापर्यंत फेरी मारायची, कोणी नमस्कार केला तर मान हलवायची. आजूबाजूच्यांनी विहिरींचं पाणी टँकरवाल्यांना विकलं, जमिनींवर बिल्डिंगा उठल्या. काकांची बाग मात्र होती तिथेच. उत्सवाच्या दिवशी ते उपास करायचे. दुपारपासून रंगायला बसायचे. तागाची दाढी, भुवयांना पांढरं, कपाळावर आठ्या. राजाला पाच मिनिटांत उरकणारा रंगवणारा काकांना तासभर रंगवायचा. मग ते जाऊन खुर्चीत बसायचे, पडद्याकडे तोंड करून, पाठ ताठ. उठल्यावर सगळं पुसून टाकायचे. यशोदाकाकू, म्हणजे काकांची बायको, बाहेर चहाची किटली सांभाळायच्या आणि काकांचा कप झाकून ठेवायच्या. तो त्यांना कायम गारढोणच मिळाला.

एका वर्षी मी त्यांना विचारलं, की कोणी बघत नाही तर एवढं रंगायचं कशाला? ते म्हणाले, “कोन बघत नाय म्हनूनच जमता.” मला तो विनय वाटला.

सत्त्याण्णव साली आमच्या बिल्डिंगमध्ये विनया नावाची एक प्राध्यापक राहायला आली. ती मुंबईच्या कॉलेजात शिकवायची आणि इंग्रजांच्या काळातल्या, आता कोणाला आठवत नाहीत अशा नाटकांचा अभ्यास करायची. सोसायटीची मीटिंग रटाळ चालली होती म्हणून मी तिला आमच्या नाटकाबद्दल सांगितलं. तिनं माझा हात धरायचंच बाकी ठेवलं. ‘वज्रकंकण’ हे नाव तिला माहीत होतं, पण ते कुठे जिवंत असेल अशी तिला कल्पना नव्हती. त्या वर्षीच्या उत्सवाला ती आली. मंडपात बसून सुकेळी खाल्ली, मग परवानगी काढून पडद्यामागे गेली आणि काकांना बघून परत आली. डोळे पुसत होती. मी म्हणालो, अहो, विनोदी आहे ते. ती म्हणाली, तुम्हाला कळत नाही.

कळत नव्हतं, हे खरंच. पुढच्या काही महिन्यांत तिनं मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयातून नाटकाची छापील प्रत शोधून काढली आणि तिसऱ्या अंकाची झेरॉक्स घेऊन वाडीत दाखल झाली. देवळाच्या पडवीत बैठक भरली. विनयानं समजावून सांगितलं, की नाटकांवर बंदी घालायला इंग्रजांनी कायदा केला होता, त्याखाली असे कितीतरी अंक मारले गेले, पण तुमच्यावरचा हुकूम इंग्रजांबरोबरच गेला. पन्नास वर्षं तुम्हाला कोणीही अडवलेलं नाही. आपण अर्धशतक नसलेल्या साहेबाचं ऐकत आलो, हे पचायला वेळ लागणारच. मग मागून कोणीतरी विचारलं, की मग चहा कधी द्यायचा?

त्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं, की स्वातंत्र्याचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आहे, यंदा तिसरा अंक करायचाच, चहा लोकांनी बघता बघता प्यावा.

आणि सत्यकेतू? सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते. तेव्हा जयवंत उभा राहिला. जयवंत मंडळाचा अध्यक्ष, सिमेंट-वाळूचा व्यापारी, आणि आमचा राजा दुर्धर. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं. भाषण अकरा पानांचं आहे हे ऐकून त्याला मनापासून आनंद झाला होता. तो आदबीनंच म्हणाला, की दिवाकरकाकांचा मान मोठा, पण आता बसायचं काम नाही, बोलायचं आहे. काकांना झेपणार नसेल तर सत्यकेतू माझ्या घराकडे द्या. राजा काय, कोणीही करील.

बैठकीचा निर्णय असा झाला, की पहिला हक्क चौधऱ्यांचा. काकांनी यंदा भाषण केलं तर काम त्यांच्या घरात राहील. नाही केलं तर काम, खुर्ची आणि नारळ, तिन्ही जयवंतकडे. काकांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कोणी विचारलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी काकांनी मला बागेत बोलावून घेतलं. यशोदाकाकू सुकेळीसाठी राजेळी केळी सोलून उन्हात मांडत होत्या, त्या आमच्याकडे न बघता उठून आत गेल्या. काकांनी मला पानवेलीच्या सावलीत बसवलं. मग जे बोलले ते एका दमात बोलले. म्हणाले, ही गोष्ट बापानं मला खुर्ची देताना सांगितली, मी ती अनुजला सांगणार होतो, पण तू जावई आहेस, अर्धा बाहेरचा, तुला सांगायला बरं पडेल. अनुज म्हणजे त्यांचा मुलगा.

गोष्ट अशी, की हिराजींना त्या दिवशी भाषण येतच नव्हतं. महिनाभर पाठ केलेलं, पण मंडपातली गर्दी फटीतून पाहिली आणि सगळं पुसलं गेलं. पडदा उघडायची वेळ झाली तेव्हा ते खुर्चीत बसून देवीला नवस बोलत होते. तेवढ्यात हुकूम आला. हिराजी म्हणाले, देवीनं लाज राखली. लोक त्यांना उठा म्हणाले तेव्हा ते उठले नाहीत, कारण त्यांना उठताच येईना. पाय गेले होते. पाय थाऱ्यावर आले तोवर मंडपात त्यांचा जयजयकार सुरू झाला होता. घरी येऊन ते बायकोपाशी रडले आणि म्हणाले, आता काय सांगू लोकांना?

काही सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी लोकांनी नारळ ठेवला, तो घेतला. तिसऱ्या वर्षी प्रथा झाली.

मला आधी हसूच आलं. काकांचा चेहरा पाहून ते गिळलं. काका म्हणाले, माझे पायही तसेच आहेत. शाळेत मास्तरांनी कविता म्हणायला उभं केलं तर मी खाली बसायचो. म्हणून ही खुर्ची माझ्यासाठी देवानं दिलेली. आता तीच उठली माझ्यावर. मी सुचवलं, की मग जयवंतला द्या आणि मोकळे व्हा. त्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

“देला तर लोक म्हनतील, हिराजीच्या नातवाला बोलता आला नाय. बोलायला गेलो नि अडकलो, तरी तेच म्हनतील. कसाबी झाला तरी आज्याचा नाव जातो. माज्या हातून जातो.”

मी पोस्टातला माणूस, नाव-पत्ता बरोबर असेल तर वस्तू पोचवतो. मी सांगितलं, पाठ तर करा, पुढचं पुढे.

काकांनी पाठ केलं. भाषण वाचलं तेव्हा माझी घोर निराशा झाली होती, हे इथेच सांगून टाकतो. ज्यानं राणीचं हृदय विदीर्ण होतं आणि तलवारी वितळतात ते हे? मिठावरचा कर, गवतावरचा कर, रयतेचा कंठशोष, आणि प्रत्येक वाक्यात चार समास. इंग्रज सरकार याला घाबरलं असेल तर ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच भित्रं असावं. पण काका ती अकरा पानं चिकाटीनं घोकत होते. यशोदाकाकू समोर बसून झेरॉक्स धरायच्या, आणि महिन्याभरात त्यांनाच ते सगळं तोंडपाठ झालं. स्वयंपाक करताना त्या ‘हे नरेंद्रा, तुझ्या प्रासादाचे सुवर्णकलश’ असं पुटपुटायच्या. बागेत काका एकटे असले की भाषण धडाधड म्हणायचे. मी कुंपणाबाहेरून ऐकलंय, चांगलं म्हणायचे. मी फाटक उघडून आत गेलो की गाडी बंद. तालमीला तर ते सुवर्णकलशाच्या पुढे कधी गेलेच नाहीत. जयवंत सिंहासनावर बसून त्यांचं पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणायचा. त्यात त्याचा दुष्टावा नव्हता, त्याला राहवायचं नाही.

प्रयोगाच्या दिवशी मंडप फुलला होता. वसईपासून माणसं आली होती. ज्यांनी लहानपणापासून हे नाटक चहासाठी पाहिलं तीही या वेळी पुढच्या रांगेत जागा धरून बसली होती. घरोघरी एकच बोलणं होतं, की आज सत्यकेतू बोलणार. दोन अंक कसेबसे संपले. प्रजा नेहमीपेक्षा जास्त रडली. काका खुर्चीत जाऊन बसले. जयवंतनं, राजाच्याच पोशाखात, त्यांच्यापुढे नारळ ठेवला आणि पाया पडला. मी आणि पहिला शिपाई दोन्ही बाजूंना भाले घेऊन उभे राहिलो. विनया विंगेत झेरॉक्स धरून बसली. काकांच्या गुडघ्यावरचा शेला हलताना मला दिसत होता. वारा नव्हता.

आणि पडदा वर गेला. तिसऱ्या अंकाचा पडदा वाडीत पहिल्यांदाच वर गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग चिडीचूप झाले. राजा म्हणाला, “बोल सत्यकेतू, तुला काय निवेदन करावयाचे आहे?” काका बोलले नाहीत. ते समोर बघत होते. मीही बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं या खुर्चीत बसून त्यांनी फक्त पडदा पाहिला होता. तिसऱ्या अंकात मंडप कसा दिसतो ते त्यांना माहीतच नव्हतं. मांडीवर मुलं घेतलेल्या बाया, कप हातातच राहिलेले म्हातारे, पायपेटीवर हात ठेवून थांबलेला हिलरी. आणि सगळ्यांत मागे किटली घेऊन उभ्या यशोदाकाकू, ज्यांचे ओठ हलत होते.

विंगेतून विनयानं पहिलं वाक्य दिलं. परत दिलं, जरा मोठ्यानं. पुढच्या रांगेला ऐकू गेलं. काका गप्प. सिंहासनावरून जयवंत थोडा वाकला आणि हळूच म्हणाला, काका, मी बोलू का? काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. मला वाटलं, आता हा माणूस इथेच कोसळणार आणि आपण भाला धरून बघत राहणार.

“म्हाराज,” काका म्हणाले. आवाज लहान होता, पण मंडपात दुसरा आवाजच नव्हता. “मना आखा पाठ येतो. बागेत येतो. हितं येत नाय.”

कोणीतरी हसलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

“माज्या आज्यालाबी येत नव्हता. सरकारनं अंक बंद केला ता खरा हाय. पन त्याच्या आदीच तो अडकला होता. हुकूम आला तवा म्हनाला, देवीनं लाज राकली. तो खुर्चीवर बसून ऱ्हायला ता रागानं नाय. त्याचे पाय चालत नव्हते. तुमी त्याला वीर म्हनालात, नि आमी गप ऱ्हायलो. तीन पिड्या गप ऱ्हायलो, नारल घेतला.” ते थांबले. खाली वाकून त्यांनी पुढ्यातला नारळ उचलला आणि सिंहासनाकडे धरला. “ह्यो आमचा नाय. आता तुमी काय शिक्षा द्यायची ती द्या.”

छापील नाटकात या जागी राजा गरजतो, की या उन्मत्त वृद्धास सीमापार करा. जयवंतला ते वाक्य झोपेतही येत असे. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, “शिपायांनो, काकांना जपून न्या.”

आम्ही दोघं पुढे झालो. दंडाला धरून मी त्यांना उठवायला गेलो तर ते उठेनात. मी खाली पाहिलं. दोन्ही पाय लटलट कापत होते. पहिल्या शिपायाला मी डोळ्यांनी खूण केली, आम्ही भाले टाकले आणि काकांना खुर्चीसकट उचललं. आणि बघतो तर काय, सगळा मंडप उभा राहिला. लोकांना वाटलं, हा मान आहे. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की हिलरीनं गोंधळून तिथल्या तिथे काहीतरी वाजवायला सुरुवात केली, आणि ते बहुतेक लग्नातलं होतं.

काकांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. “अरं, पाय चालत नायत म्हनून उचलला ना?”

“हो काका,” मी म्हणालो. “गप्प बसा आता.”

पुढच्या वर्षांचं इथेच सांगतो, म्हणजे मागे काही राहायला नको. सत्यकेतू आता जयवंत करतो. काकांनीच त्याला देऊन टाकला. तो अकरा पानं एका दमात म्हणतो, लोक चहा पितात, गप्पा मारतात, एखादा डुलकी काढतो. काका मंडपात काकूंच्या शेजारी बसतात आणि तिसऱ्या अंकातला चहा गरम गरम पितात. विनयानं तिच्या निबंधात या प्रयोगाला बरीच जागा दिली आणि आमच्या दोघा शिपायांचा उल्लेख केला नाही. मानाचा नारळ मात्र अजून चौधऱ्यांच्याच घरी येतो. हे बरोबर आहे का यावर मंडळात चर्चा निघाली होती, पण तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

त्या दिवशी मात्र अजून चौथा अंक व्हायचा होता. काकांना विंगेत ठेवून, भाला शोधून मी परत स्टेजवर जागा घेतली. पडदा उघडला. मंडपातल्या लोकांचे डोळे अजून ओले होते, काहीजण एकमेकांच्या कानात बोलत होते. अंकाची सुरुवात माझ्या वाक्यानं होते. दहा वर्षं मी ते कंटाळून, घाईघाईत, कधी जांभई दाबत म्हटलं होतं. आज ते म्हणायच्या आधी मी मंडपाकडे पाहिलं. समोरच्या रांगेत जागृती बसली होती, ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, म्हण, म्हण.

मी म्हणालो, “असे शब्द या दरबारात पूर्वी कोणी उच्चारले नव्हते.”

आणि मंडपाच्या मागच्या टोकाकडून, किटलीजवळून, यशोदाकाकूंचा आवाज आला, “खरा हाय.”